मंडईतील दोन जागा : झाडीपट्टीतील स्त्रीवेष आणि प्रेक्षकत्वाचा प्रश्न

१

वैनगंगेच्या पूर्वेकडील आरमोरी हे आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निराळा झाला. तत्पूर्वी हा सर्व मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. नदीपलीकडे ब्रह्मपुरी, उत्तरेस रेल्वेस्थानकाचे वडसा, आणि भोवती धानाच्या बांध्या व जंगल, अशी या गावाची भूमी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यास लोकव्यवहारात झाडी अथवा झाडीपट्टी म्हणतात. तिच्या नावाने ओळखली जाणारी रंगभूमी मराठी नाट्येतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण म्हणून आता गणली जाते. २०२३ मध्ये या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस पद्मश्री प्राप्त झाली, तेव्हा अभ्यासकांच्या या मान्यतेस राजमान्यतेचीही जोड मिळाली.

दिवाळी आटोपली की या प्रदेशात गावोगाव मंडई भरू लागते. प्रत्येक गावाची मंडई वर्षातून एकदा भरते आणि तिचा दिवस आसपासच्या गावांस ठाऊक असतो. दिवसा दुकाने मांडली जातात, दंडार व खडी गंमत रंगते, आणि रात्री नाटक उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. कित्येक गावी याच मोसमात शंकरपटही भरतो. बैलांच्या शर्यतींस सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी केली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रास त्या भरविण्याची मुभा दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली. या अवधीत शंकरपट अडला, परंतु नाटकाचा ओघ आटला नाही. वडशास ठाणे देऊन असलेल्या नाटक कंपन्या थंडीचा सारा मोसम गावोगाव फिरत असतात. करमणूक, व्यापार आणि आप्तभेट यांचा वर्षातील एकच प्रसंग, असे मंडईचे थोडक्यात वर्णन करता येईल.

या मंडईतील एका गोष्टीचा येथे विचार करावयाचा आहे. दंडार आणि खडी गंमत या दोन्ही प्रकारांत पुरुषाने स्त्रीचा वेष घेऊन नाचण्याची रीत जुनी आहे. अलीकडे लिंगभाव आणि लैंगिकता यांविषयीच्या मराठी चर्चेत ही रीत पुराव्यादाखल पुढे केली जाते. एक पक्ष म्हणतो की, ज्या समाजाने नाच्याला भर मंडईत नाचविले त्यास समलिंगी वा तृतीयपंथी माणसाचे वावडे कधीच नव्हते. असहिष्णुता ही इंग्रजी राजवटीची देणगी होय. दुसरा पक्ष म्हणतो की, हे सारे निव्वळ सोंग असून त्याचा त्या विषयाशी संबंध नाही; तो विषय महानगरांतून, किंबहुना परदेशातून, आयात झालेला आहे. परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही मतांची चूक मात्र एकच आहे. दोन्ही पक्ष आपली दृष्टी नाचणाऱ्यावर खिळवून ठेवतात आणि भोवती बसलेल्यांकडे पाठ करतात. एखाद्या समूहास सार्वजनिक करमणुकीच्या आवारात जागा आहे की नाही, हे त्यातील माणसे नाचताना दिसतात का यावरून ठरत नाही. ती माणसे प्रेक्षकांत बसू शकतात का, यावरून ठरते.

२

प्रथम नाचणाऱ्याचा विचार करणे इष्ट आहे. खडी गंमत उभ्याने सादर होते म्हणून ती खडी. शाहीर, ढोलकी वाजविणारा, सोंगाड्या आणि स्त्रीवेषातील नाच्या ही तिची मुख्य पात्रे. दंडारीतही स्त्रीपात्रे पुरुषांच्याच वाट्यास येत. या योजनेचे कारण शोधावयास फार खोल जाण्याची आवश्यकता नाही. गावातील स्त्रीने चारचौघांसमोर नाचणे अमान्य होते. कथेस मात्र स्त्री हवी होती. तेव्हा लुगडे पुरुषाने नेसले. मराठी संगीत रंगभूमीवर हेच घडले, आणि त्याच रीतीतून बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) अलौकिक यश उभे राहिले. झाडीपट्टीच्या रात्रीच्या नाटकांत पुढे स्त्रिया येऊ लागल्या. दिवसाच्या खेळांत जुनी रीत अधिक काळ टिकून राहिली.

अशा संकेतावरून वेष घेणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी कोणतेही अनुमान काढता येत नाही. नाच्या हा संसारी कुणबी असेल, ढीवर असेल, चार लेकरांचा बाप असेल. पुरुषाविषयी ओढ असणारा एखादा पुरुष, अथवा स्वतःस स्त्री समजणारे एखादे मूल, या कामाकडे ओढले गेले नसेल असेही नाही. परंतु ते त्या संकेताचे प्रयोजन नव्हे. म्हणून नाच्याच्या अस्तित्वातून समाजाची उदारता सिद्ध होते, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे टिकत नाही. त्याचबरोबर, ते सोंग असल्यामुळे त्याचा या विषयाशी संबंध नाही, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही टिकत नाही. कारण सोंगास हशा मिळतो तो कशामुळे, हा प्रश्न उरतोच. लुगड्याखालचा पुरुष प्रेक्षकांस पदोपदी आठवत राहावा अशीच त्या विनोदाची रचना असते. सोंगाड्या नाच्याच्या अंगलटीस जातो आणि मंडळी हसतात. कारण पुरुष पुरुषाच्या मागे लागला आहे हे त्यांस माहीत असते आणि ते खरे नाही हेही माहीत असते. पहिले ज्ञान नसेल तर हसू येणार नाही. दुसरे नसेल तर हसू थांबेल. या विनोदाची सारी भिस्त वेष हा परका असण्यावर आहे. तो वेष धारण करणाऱ्याचा स्वतःचा आहे असे निश्चित झाले, तर तोच प्रवेश निराळा वाटू लागेल.

हा भेद केवळ समीक्षकाच्या सूक्ष्म दृष्टीस दिसणारा नाही. कायद्यानेही तो अतिशय रोखठोकपणे केला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानातील काही प्रांतांस लागू झाला. त्यान्वये ज्यांची नोंद सरकारी वहीत झाली असेल अशा व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे, तेथे नाचणे अथवा मोल घेऊन कोणाच्या घरी खेळ करणे हा अपराध ठरला, आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. त्याच काळात, १८८० नंतर, मराठी संगीत नाटकाची भरभराट झाली व तीत पुरुष नट राजरोस लुगडी नेसून गाऊ लागले. तेव्हा राज्यकर्त्यांस लुगड्याचा, नाचाचा वा गाण्याचा आक्षेप नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो खेळ संपल्यावरही लुगडे न फेडणाऱ्या माणसास. वेष परका असेल तोवर ती कला. आपला झाला की तो गुन्हा. पहिला पक्ष इंग्रजी अमलास दोष देतो तो या कायद्याकडे पाहता सर्वस्वी निराधार नाही. परंतु कायद्याने जी रेषा शाईने काढली ती मंडईतील हशाने आधीपासून मान्य केलेली होती, हे तो पक्ष विसरतो.

३

आता प्रेक्षकांकडे वळावयास हवे. महानगरातील नाट्यगृहात प्रेक्षक हा बहुधा अनामिक असतो. शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे जाणून घेण्याचे त्यास कारण नसते. मंडईतील प्रेक्षकाचे तसे नाही. मंडईच्या दिवशी घरोघर पाहुणे उतरतात. दिलेल्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, मामा-मावशांची गाडी येते. नाटकाच्या निमित्ताने घरी आलेल्या या आप्तांत सोयरिकीची बोलणी निघतात. उपवर मुलगा व मुलगी परस्परांच्या घरच्यांच्या दृष्टीस पडतात. झाडीपट्टीतील नाटकांच्या मोसमात कित्येक लग्ने जुळतात, ही गोष्ट त्या प्रदेशात कोणासही नवी नाही.

याचा अर्थ असा की, मंडईत रंगमंचावरील खेळाबरोबर प्रेक्षकांचाही एक खेळ चाललेला असतो. येथे बसणारा प्रत्येक जण कोणाचा तरी मुलगा, भाचा, जावई, भासरा वा सून म्हणून बसतो. नात्याच्या या जाळ्यात ज्यास नाव आहे त्यास जागा आहे. ज्याचे लग्न व्हावयाचे आहे त्याचीही जागा निश्चित आहे. ती उमेदवाराची जागा होय. परंतु ज्याचे लग्न रूढ अर्थाने व्हावयाचेच नाही, त्याच्यासाठी या जाळ्यात शब्द नाही. तिशी ओलांडलेल्या मुलास दर मंडईत त्याच त्या प्रश्नास तोंड द्यावे लागते, आणि मुलीस तर तिशीची वाट पाहण्याचीही सवड मिळत नाही. जी ओढ रंगमंचावर हशा पिकवते तीच बाळगणारा माणूस प्रेक्षकांत बसला असेल, तर त्याला त्या हशात सामील व्हावे लागते; न हसणे हीच मुळी कबुली ठरण्याचे भय असते. करमणुकीच्या ठिकाणी करमणूक करून घेण्याचा हक्क त्यास इतरांप्रमाणे मिळत नाही. तो तेथे हजर असतो, पण प्रेक्षक नसतो.

येथे एक आक्षेप संभवतो. रंगमंच हा अशा काही माणसांस आसरा देतो, अन्यत्र नाकारलेली देहबोली तेथे सन्मानाने वावरते, आणि म्हणून त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल, असे म्हणता येईल. हा आक्षेप वजनदार आहे. आसऱ्याचे मोल ज्यास आसरा हवा आहे तोच जाणतो. तथापि आसरा आणि हक्काची जागा यांत अंतर आहे. आसरा देणारा त्याच्या अटी ठरवितो, आणि येथील अट अशी की, चेहऱ्यावरील रंग पुसल्यावर मनुष्याने पुन्हा पूर्वीसारखे व्हावे.

४

या भेदाची धार कळण्यास एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. त्यातही एक वार्षिक मेळा आहे, करमणुकीचे आवार आहे आणि कुटुंबांची गर्दी आहे; मात्र नाचणारे व पाहणारे यांच्या जागांची अदलाबदल झालेली आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑर्लंडो शहरानजीक वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे विस्तीर्ण थीम पार्क आहे. त्यातील मॅजिक किंगडम हा विभाग १९७१ मध्ये उघडला. परीकथांतील किल्ला, पाळणे, मिरवणुका आणि उंदीर-बदकांची सोंगे घेतलेले पगारी नोकर, असे त्याचे स्वरूप. आणि आईबापांनी मुलांस घेऊन यावे असे हे स्थळ, अशी त्याची ख्याती. १९९१ च्या जून महिन्यातील पहिल्या शनिवारी समलिंगी स्त्रीपुरुषांनी आपसांत ठरवून एकत्र तेथे जाण्याचा प्रघात पाडला. एकमेकांस, आणि इतरांसही, ओळखू यावे म्हणून त्यांनी लाल सदरे घालावयाचे ठरविले. उद्यानाच्या मालकांनी हा मेळा भरविला नव्हता. आलेल्यांनी इतरांप्रमाणेच तिकिटे काढली होती. ‘गे डेज’ या नावाने हा मेळा पुढे वर्षानुवर्षे भरला, एका दिवसाचा अनेक दिवसांचा झाला आणि त्यास येणाऱ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली.

या मेळ्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात आलेल्यांनी तेथे काहीही करून दाखविले नाही. त्यांनी मोर्चा काढला नाही, सोंग आणले नाही, नाच केला नाही. ते पाळण्यात बसले, रांगेत उभे राहिले, आइस्क्रीम खाल्ले आणि मिरवणूक पाहिली. त्यांतील काही आपली मुलेही घेऊन आले. सोंगे घेतलेली माणसे त्या आवारात होतीच. पण ती पगारावरची होती, आणि लाल सदऱ्यातील माणसे ती सोंगे पाहण्यास आलेली होती. म्हणजे प्रेक्षकांची जागा त्यांनी घेतली. याच गोष्टीचा अनेकांस राग आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या ख्रिस्ती पंथाने १९९७ मध्ये डिस्ने कंपनीवर बहिष्कार पुकारला. समलिंगी नोकरांच्या जोडीदारांस दिलेल्या सवलती व हे मेळे ही त्यामागील कारणांपैकी होती. २००५ मध्ये तो बहिष्कार उठविण्यात आला. त्याहूनही आधीची एक घटना अधिक बोलकी आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९८० साली दोन तरुण परस्परांबरोबर नाचू लागले म्हणून त्यांस आवाराबाहेर काढण्यात आले. त्यावर खटला होऊन १९८४ मध्ये निकाल उद्यानाच्या विरुद्ध गेला. ते दोघे कोणाचे मनोरंजन करण्यासाठी नाचत नव्हते. इतर जोड्या नाचत होत्या म्हणून, त्यांच्याचसारखे, स्वतःच्या आनंदासाठी नाचत होते. सोंग म्हणून तो नाच झाला असता तर लोकांनी कदाचित टाळ्याही दिल्या असत्या.

तथापि या उदाहरणाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या आवारात मिळालेली बरोबरी ही तिकिटाची बरोबरी होती. ज्याच्यापाशी प्रवासाचा व प्रवेशाचा खर्च नाही त्यास ती लाभत नाही. शिवाय तेथील प्रेक्षक अनामिक असतो. लाल सदऱ्याची आवश्यकताच मुळी त्या अनामिकतेतून निर्माण झाली. जो ओळखू येत नाही त्यास ओळखीची खूण धारण करावी लागते. आरमोरीच्या आसपासच्या मंडईत अशा सदऱ्याचा उपयोग नाही आणि तो घालणे शक्यही नाही. तेथे प्रत्येक जण आधीच ओळखलेला असतो. त्याचे नाव, घर, आजोळ आणि शेताची बांधी सर्वांस ठाऊक असते. ऑर्लंडोच्या पाहुण्याची अडचण ही की त्यास कोणी ओळखत नाही. मंडईतल्या पाहुण्याची अडचण ही की त्यास सर्व जण ओळखतात, एक गोष्ट सोडून. म्हणून तेथील तोडगा येथे उचलून आणणे व्यर्थ होय. तेथे जागा विकत घेता आली. येथे ती नात्यातूनच मिळेल किंवा मिळणार नाही.

५

मराठी ललित साहित्याने या दोन जागांमधील अंतर समीक्षेच्या आधी ओळखले होते, असे दिसते. याची साक्ष देणाऱ्या तीन कृती येथे विचारात घेता येतील. त्या झाडीपट्टीतील नव्हेत. एक कोल्हापूरकडील तमाशाची, दुसरी संगीत नाटकाच्या पडत्या काळाची आणि तिसरी शहरातील महाविद्यालयाची आहे. परंतु तिन्हींच्या मुळाशी तोच संकेत आहे, म्हणून त्यांचा दाखला अप्रस्तुत ठरणार नाही.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा, व तीवरून २०१० मध्ये पडद्यावर आलेल्या चित्रपटाचा, नायक गुणा हा देहाने मल्ल आहे. तमाशाचा फड उभा करावयाचा तर नाच्या हवा, आणि ते काम करण्यास दुसरा कोणी धजत नाही, म्हणून तो स्वतः नाच्या होतो. त्याची ओढ रूढ पुरुषाचीच आहे. तरीही बायकी चालणे-बोलणे अंगी बाणवल्यावर त्याची घरातील व गावातील जागा ढासळू लागते. ही शोकांतिका समलिंगी माणसाची नव्हे. परंतु समाज त्या माणसास कोणत्या नजरेने पाहतो, हे त्या नजरेचा चुकीने बळी ठरलेल्या माणसाच्या द्वारा लेखकाने दाखविले आहे. गुणा फडावर उभा असतो तोवर त्यास दाद मिळते. तो खाली उतरला की त्याच प्रेक्षकांच्या नजरेत विखार उतरतो. नाच्याच्या लोकप्रियतेवरून समाजाच्या उदारतेचा निष्कर्ष काढणाऱ्या पहिल्या पक्षास ही कादंबरी पुरेसे उत्तर आहे.

सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकात वेष अंगास चिकटून राहिलेला आहे. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता श्यामरावाच्या धाकाखाली उदबत्त्या विकतो. नाटक कंपन्या संपल्या, प्रेक्षक उठून गेले. पण बर्व्यांच्या मनातील स्त्री काही गेली नाही. जावडेकर व बावडेकर या दोन कारकुनांच्या एकलकोंड्या खोलीत तिला काही काळ संसाराचे स्वप्न लाभते, आणि अखेर तेही हिरावून घेतले जाते. रंगमंचावर परका म्हणून मान्य असलेला वेष रंगमंच नाहीसा झाल्यावर स्वतःचा म्हणून कोठे बाळगावा, हा या नाटकाचा प्रश्न आहे. १८७१ च्या कायद्याने ज्यास अपराध म्हटले, तेच येथे करुणेचा विषय झाले आहे. त्या स्वप्नाचे स्वरूपही सूचक आहे. बर्व्यांस पुन्हा टाळ्या नको आहेत. त्यास घर, सोबत आणि मूल हवे आहे. म्हणजेच मंडईत ज्यांस पाहुणा म्हणून बसता येते त्यांचे आयुष्य हवे आहे.

विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाचा प्रस्तुत विषयाशी सर्वांत निकटचा संबंध आहे. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही महाविद्यालयीन युवती नाटकात पुरुषाची भूमिका करते, आणि नायिकेचे काम करणाऱ्या नमाविषयी तिला ओढ वाटू लागते. रंगमंचावर त्या दोघींचा शृंगार सर्वांस मान्य आहे. तो पाहावयास मंडळी जमतात. रंगमंचाबाहेर तोच मित्राच्या सर्वनाशास कारण होतो. नाटकाच्या अखेरीस मित्रा जिवास मुकते. येथे वेष पुरुषाचा व भूमिका करणारी स्त्री असल्याने नाच्याच्या परंपरेचा हशा उपलब्ध नाही. आणि तो हशा काढून घेताच उरते ते किती निष्ठुर आहे हे दिसते. तेंडुलकरांनी ही कथा बापू या मित्राच्या तोंडून सांगितली आहे, ही योजनाही अर्थपूर्ण होय. बापू मदत करतो, समजून घेतो, हळहळतो. पण अखेरपर्यंत तो पाहणाराच राहतो. प्रेक्षकाची जागा निर्दोष नसते, असे या रचनेतून सुचविले गेले आहे.

या तीन कृतींची एक उणीवही सांगणे प्राप्त आहे. तिन्हींत निराळा मनुष्य हा पाहिला जाणारा आहे, पाहणारा नाही. तो सोसतो, नाचतो, स्वप्ने पाहतो, मरतो. आणि वाचक वा प्रेक्षक त्याच्याकडे पाहून व्याकूळ होतो. हशाच्या जागी करुणा आली, ही प्रगती खरी. परंतु करुणाही मनुष्यास रंगमंचावरच ठेवते. ज्या कथेत असा मनुष्य मंडईस जातो, धाकट्या भाच्यास खांद्यावर घेऊन दंडार पाहतो, रात्री आपल्या सोबत्याशेजारी बसून नाटकातील खलनायकास शिव्या देतो आणि पहाटे घोंगडी गुंडाळून घरी परततो, अशा कथेची जागा या परंपरेने रिकामी ठेवलेली आहे. अशा कथेत कदाचित काहीच घडणार नाही. आणि काही न घडणे हेच तिचे यश असेल.

६

गेल्या काही वर्षांत कायद्याची भाषा पालटली आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत असा निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला. या तीन निर्णयांचा क्रम लावून पाहिला तर मंडईचाच नकाशा दिसू लागतो. मनुष्यास ओळख मिळाली, शिक्षेचे भय गेले. सोयरिकीच्या जाळ्यात मात्र जागा मिळाली नाही. नागपुरात २०१६ पासून अभिमान मोर्चे निघू लागले, आणि विदर्भातील तरुणांस भर रस्त्यावर आपल्या नावाने चालता आले, याचे महत्त्व मोठे आहे. तथापि मोर्चा हाही पाहिला जाण्याचाच एक प्रकार आहे. मोर्चा संपल्यावर झाडीतला तरुण ज्या गाडीने वडशास उतरतो, ती गाडी त्यास पुन्हा त्याच आप्तांत, त्याच मंडईत आणून सोडते.

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा अभ्यास आजवर मुख्यतः संहिता, संगीत, बोली आणि कंपन्यांची अर्थव्यवस्था या अंगांनी झाला आहे. त्या अभ्यासाचे महत्त्व वादातीत आहे. परंतु प्रेक्षकांची बैठक हाही त्या रंगभूमीच्या संहितेचा एक भाग मानला जावयास हवा. कोण कोणाशेजारी बसतो, स्त्रिया कोठे बसतात, कोणता विनोद कोणास हसवितो व कोणास खाली पाहावयास लावतो, नाच्याचे काम करणारा रंग पुसून प्रेक्षकांत येतो तेव्हा त्यास कोण सरकून जागा देतो, या बाबींची नोंद क्षेत्रीय अभ्यासात क्वचितच होते. पदव्युत्तर अभ्यासकांस येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. मात्र ते करताना कोणाच्याही खासगी आयुष्याची टेहळणी होणार नाही, ही काळजी आधी घ्यावयास हवी. जेथे प्रत्येक जण ओळखीचा असतो, तेथे संशोधकाच्या टिपणवहीतील एक निष्काळजी वाक्यही एखाद्याची जागा हिरावून घेऊ शकते. अशा अभ्यासाचा विषय अमुक मनुष्य कोण आहे हा नसावा; बैठक कशी रचली जाते हा असावा.

नाच्याची परंपरा ही सहिष्णुतेचा दाखला म्हणून मिरविण्याची वस्तू नव्हे आणि निरर्थक सोंग म्हणून झिडकारण्याचीही नव्हे. झाडीतील समाजाने एक गोष्ट पाहण्याची तयारी दाखविली आणि तीच गोष्ट शेजारी बसवून घेण्याची तयारी दाखविली नाही, याची ती नोंद आहे. जे पाहण्याची सवय शतकभर झालेली आहे, त्यासाठी सतरंजीवर सरकून जागा करणे अशक्य कोटीतील मानण्याचे कारण नाही. आप्तांच्या बळावर उभी असलेली मंडई ज्या नात्यांमुळे एखाद्यास बाहेर ठेवते, त्याच नात्यांच्या जोरावर ती त्यास आतही घेऊ शकते. एखाद्या आजीने नातवाच्या सोबत्यास पाहुणा म्हणून जेवावयास बसविले आणि रात्री नाटकास बरोबर नेले, तर त्या गावापुरता हा प्रश्न सुटण्यास आरंभ होईल. समीक्षेचे काम त्या आजीस उपदेश करणे हे नव्हे. तिने केलेली जागा उद्याच्या अभ्यासकास दिसावी, एवढी दृष्टी तयार करणे हे आहे.